कानांवरच्या लाटा

मल्हार मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो गुडघे टेकून बसला होता. माझ्यासमोर नव्हे, माझ्या खुर्चीशेजारच्या प्लगसमोर.

सप्टेंबरातला शनिवार होता. बाहेर फ्रँकफर्टचा तो बारीक पाऊस पडत होता, ज्यात छत्री उघडायला लाज वाटते आणि न उघडावी तर माणूस भिजतो. मी बॉकनहाइममधल्या योशिको-सानच्या सलूनमध्ये बसले होते. केसांत बावीस क्लिपा आणि डोक्यावर घमेल्याएवढा जुना ड्रायर, साठ सालातला, आत डोकं घालून बसायचं तसला. तो माणूस हातातला टेस्टर खाली ठेवून, वर बघत मला काहीतरी विचारत होता. मी गोड हसले आणि म्हणाले, "गेनाऊ."

जर्मनीत एक वर्ष काढलेल्या कुणालाही या शब्दाचं मोल कळतं. अगदी बरोबर, हो ना, तेच म्हणते मी... या सगळ्या जागी तो चालतो. समोरच्याचं एक अक्षर कळलं नसेल तरी चालतो.

त्याने मात्र दचकून प्लग उपटला, ड्रायर माझ्या डोक्यावरून उचलला आणि योशिको-सानला हाक मारली. ती ओला टॉवेल घेऊन धावत आली. त्या गडबडीत एक तापलेली क्लिप माझ्या मानेला टेकली आणि माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. तो जागच्या जागी थांबला. त्याच्या ओठांवरून मला एवढंच वाचता आलं — मराठी?

मी मान डोलावली, पर्स उचलली आणि आतल्या वॉशरूममध्ये गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले ती नेमकी त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर येऊन बसले.

"डोकं भाजतंय का, असं विचारलं होतं मी," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, अगदी बरोबर. आणि वर हसलात."

"मग काय रडायचं होतं?"

"निदान ओरडायचं तरी. पुण्याच्या का तुम्ही?"

"कशावरून?"

"भाजत असतानाही चूक दुसऱ्याची आहे अशा चेहऱ्याने बसला होतात... म्हणून."

मला हसू आलं. तो मिरजेचा होता. र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात डिझाइन विभागात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची जुनी यंत्रं दुरुस्त करून द्यायचा. योशिको-सानला तो बॉकनहाइममधल्याच एका रिपेअर कॅफेत, लोक मोडक्या वस्तू दुरुस्तीला आणतात तिथे, भेटला होता. माझं नाव ईप्सिता आहे म्हटल्यावर त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, एखादा स्क्रू बसतो का पाहावा तसं.

आता खरं काय ते सांगून टाकते, कारण मल्हारला ते पुढचे नऊ महिने मी सांगितलं नाही.

मला डाव्या कानाने काहीही ऐकू येत नाही. उजव्याने अर्धंमुर्धं येतं, तेही मशीन लावलं तर. ड्रायरखाली बसताना ते काढून पर्समध्ये ठेवावं लागतं. मी नऊ वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला होता. जिवावरचं कानावर निभावलं, असं आई म्हणायची, आणि तेव्हापासून तो कान लपवायचा तिने विडाच उचलला. शाळेत वेण्या घट्ट बांधून, दुमडून, वर रिबिनी लावायचा नियम होता. आई मुख्याध्यापिकाबाईंना भेटली आणि कानांवरून घेतलेल्या सैल वेण्यांची परवानगी काढून आली. कारण सांगितलं डोकेदुखीचं.

चार वर्षांपूर्वी चारुदत्त नावाच्या मुलाशी माझं जवळजवळ ठरलं होतं. सुपारी फुटायच्या आधी मीच त्याला कानाचं सांगितलं. तो फार छान बोलला. मला काहीच अडचण नाही, म्हणाला. आठवड्याने त्याच्या आईचा फोन आला की पत्रिका जुळत नाही. ती पत्रिका त्यांनीच दोन गुरुजींना दाखवून जुळवली होती. आई मला एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी माझे केस विंचरायला बसली आणि विंचरताना ते कानांवर ओढून घेत राहिली, कितीतरी वेळ.

मग मी फ्रँकफर्टजवळ, एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच राहू लागले. इथे लपवणं सोपं होतं. कॉलवर बोलणाऱ्याचे शब्द स्क्रीनवर उमटतात, आणि समोरासमोर कुणी भेटलंच तर गेनाऊ आहेच. इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला आउस्वाइससाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायला सांगितलं होतं, तुम्हाला सवलती मिळतील म्हणाल्या. तो फॉर्म मी कपाटात उन्हाळी कपड्यांच्या खाली ठेवून दिला.

आणि एके दिवशी बॉकनहाइममधून जाताना योशिको-सानच्या काचेत मला एक फोटो दिसला. शंभर वर्षांपूर्वीची एक जपानी मुलगी. केस गालांवरून लाटांसारखे खाली उतरलेले, दोन्ही कान पूर्ण झाकलेले, मानेवर सैलसा अंबाडा. खाली नाव लिहिलं होतं — मिमी-काकुशी, आणि पुढे जर्मनमध्ये त्याचा अर्थ, कान झाकणारी. मी दारातच उभी राहिले. कुणीतरी माझ्यासाठी शंभर वर्षं आधीच केशरचना करून ठेवली होती.

योशिको-सानचं सगळं सलूनच मागच्या काळातलं आहे. नारिंगी दिवे, तबकडीचा फोन, गोल आरसे. हल्ली जपानात जुन्या फॅशनची लाट आली आहे म्हणे, आणि ती इथल्या मुलींपर्यंतही पोचली आहे. कुणाला चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी गायिकांसारखी फुगवलेली झुलपं हवी असतात, कुणाला राजकन्येसारखे कपाळावर आणि गालांवर सरळ कापलेले केस. योशिको-सान अडुसष्ट वर्षांची आहे. ज्या केसांना कंटाळून मी ओसाका सोडलं तेच इथे लोक हौसेने करून घेतात, असं म्हणून ती हसते.

एकदा माझ्या केसांत लाटा बसवताना तिने मला सांगितलं की पूर्वी जपानमध्ये अंबाड्यावरूनच बाईचं सगळं कळायचं. कुमारिकेचा वेगळा, नवरीचा वेगळा, सवाष्णीचा वेगळा. मग या कान झाकणाऱ्या मुली आल्या आणि जुनी माणसं फार चिडली, कारण हिच्याकडे बघून आता काहीच कळेना. माझ्या कानाचं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. केस कापणाऱ्यापासून कान कसा लपणार? उजव्या बाजूची लाट ती थोडी फुगीर काढू लागली, मशीनला जागा हवी म्हणून.

तर मल्हार. त्या ड्रायरची दुरुस्ती एका शनिवारची होती. त्याने ती महिनोन्महिने पुरवली. कधी वायर जुनी झालेली असायची, कधी पंखा आवाज करायचा. तो खाली बसून खुडबुड करायचा आणि मी डोक्यात क्लिपा घेऊन त्याला दटावायचे. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"या लाटा रोज सकाळी कशा टिकतात?" त्याने एकदा विचारलं.

"झोपताना रेशमी रुमाल बांधते."

"आणि वारा आला तर?"

"वाऱ्याच्या बाजूला तुला उभा करते."

त्या दिवशी तो सलूनमधून स्टेशनपर्यंत खरंच वाऱ्याच्या बाजूने चालला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं, आणि त्याला ते दिसू नये म्हणून मी दुकानांच्या काचांत बघत राहिले.

चालताना मी कायम त्याच्या डावीकडे असायचे, म्हणजे तो माझ्या उजव्या कानाशी राहायचा. कॅफेत खुर्ची निवडताना, रस्ता ओलांडताना, रांगेत... मी इतक्या सहज बाजू बदलायचे की कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्याच्या आलं.

"तू नेहमी माझ्या डावीकडेच का चालतेस?"

"त्या बाजूने मी बरी दिसते."

"देवळात देवाच्या डावीकडे कोण उभी असते, बघितलंयस ना?"

मी समोर बघत राहिले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, त्या झाकलेल्या होत्या म्हणून बरं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी वादळ सुटलं होतं. मल्हारची गाडी उलट्या दिशेची, तरी तो माझ्याबरोबर एश्बॉर्नच्या लोकलमध्ये, एस-बानमध्ये, चढला. तिकडे काम आहे म्हणाला. शनिवारी संध्याकाळी एश्बॉर्नच्या त्या ऑफिसांच्या ओळींत कुणाचंच काही काम नसतं. गाडीत गर्दी होती, एकच बाक रिकामा होता, आणि मी बाजू बदलायच्या आत तो माझ्या डावीकडे बसला. रोडेलहाइमच्या अलीकडे रुळावर झाड पडल्यामुळे गाडी थांबली. मग उजव्या कानात मशीनने बारीक टिकटिक केली आणि त्याची बॅटरी संपली. जादाची बॅटरी मी सकाळीच वापरली होती.

अर्धा तास गाडी तिथे उभी होती आणि अर्धा तास मल्हार बोलत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली होती, त्यामुळे ओठही दिसत नव्हते. मला त्याच्या बोलण्यातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं नाही, आणि मग दहा मिनिटं झाली, आणि मग इतका वेळ गेला की आता सांगणं म्हणजे आजवर तुला फसवत होते असं कबूल करण्यासारखं होतं. मी अधूनमधून मान डोलावली. दोनदा हळूच गेनाऊ म्हणाले. एकदा त्याचा हात थरथरताना दिसला, तेव्हा त्यावर माझा हात ठेवला. गाडी सुटेपर्यंत तो तसाच राहिला.

उतरताना त्याचे डोळे लाल होते. तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, "थँक्स. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

हे मात्र मी ओठांवरून अगदी नीट वाचलं.

त्यानंतर तो माझ्याशी वेगळाच वागू लागला. मोकळा, हळवा, घरचा. मी त्याच्या प्रेमात पडलेच होते, आता पुरती बुडाले. आणि प्रत्येक भेटीत एक भीती बरोबर असायची, की तो त्या दिवसाबद्दल काही विचारेल. म्हणून मी त्याच्या घराबद्दल, माणसांबद्दल चकार शब्द काढत नसे. हिला किती समजतं, असं त्याला वाटत असणार.

मे महिन्यात माइन नदीच्या काठी जपानी उत्सव होता. योशिको-सानने तिथल्या मंचावर शंभर वर्षांचे केस दाखवायचं ठरवलं होतं. सात मुली, सात काळ. शंभर वर्षांपूर्वीची मी. जांभळ्या बाणांच्या नक्षीचा जुना किमोनो आणि कानांवर लाटा. मंचावरून उतरले तेव्हा मल्हार कठड्यापाशी उभा होता. माझ्याकडे बघून तो हसला नाही, नुसता बघत राहिला. मला आयुष्यात कुणी तसं बघितलं नव्हतं.

मागे मोठमोठे ढोल वाजत होते. माझ्या मशीनमध्ये त्या ढोलांशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. किमोनोत पाऊल चार बोटांचंच पडतं, त्यात योशिको-सानने माझा उजवा दंड धरलेला. मला बाजू बदलता आली नाही. मल्हार डावीकडून वाकला आणि त्याने काहीतरी विचारलं. छोटंसं होतं. मी हसले आणि म्हणाले, "गेनाऊ."

तो थांबला. पुन्हा काही बोलला. "हो, हो," मी म्हणाले. तेवढ्यात नदीवरून जोराचा वारा आला आणि उजव्या कानावरची लाट उचलली गेली. मी झटकन हात नेऊन ती दाबली. वर बघितलं तर मल्हारचा चेहरा उतरला होता. तो समोर आला, काळजी घे म्हणाला, आणि गर्दीतून निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. मेसेज आला — ड्रायर आता नीट चालतोय, माझं काम संपलं.

त्याने मशीन बघितलं, दुसरं काय. चारुदत्तला बोलायला आठवडा लागला होता आणि याला एक वारा पुरला. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. फोनवर आईने काय झालं विचारलं तेव्हा सर्दी झाली म्हणून सांगितलं. ऑफिसात डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. मला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त माझ्या कानाचा.

जूनच्या सुरुवातीला योशिको-सान माझे केस धुताना अभिनंदन म्हणाली. मी आरशात बघून, कशाचं, असं विचारलं. लग्नाचं, ती म्हणाली. नवरीचे केस आपणच करू, पण बाई, आधी मला सांगायचं तरी. मल्हारने तिला सांगितलं होतं. त्या दिवशी नदीवर त्याने मला विचारलं होतं, की तुझं भारतात कुठे ठरलंय का? आणि मी म्हणाले होते, अगदी बरोबर. मग त्याने विचारलं होतं, तुला तो आवडतो का? त्यालाही मी हो, हो म्हणाले होते.

योशिको-सानने पुढचंही सांगितलं. ड्रायरचा एक सुटा भाग कासेलच्या एका जुन्या दुकानदाराकडून आला आहे, तो बसवायला मल्हार पुढच्या शनिवारी अकरा वाजता येणार आहे. नंतर येणार नाही. त्याने हॅनोव्हरला नोकरी धरली आहे.

पहिल्यांदा मला हसू आलं. सुटकेचं. म्हणजे त्याने मशीन बघितलंच नव्हतं! काहीच बिघडलं नव्हतं. एक मेसेज पुरे होता — अरे, चेष्टा केली होती, कुठे काही ठरलेलं नाही. मी तो लिहिलासुद्धा. एस-बानमध्ये बसून लिहिला, आणि रोडेलहाइम आलं.

नोव्हेंबरात गाडी उभी होती ती जागा खिडकीतून दिसली. नदीवर मी एका प्रश्नाला न ऐकता हो म्हणाले होते, तर इथे मी कशाकशाला म्हणाले होते? तो मेसेज पाठवला असता तर मल्हार परत आला असता, नक्की आला असता. आणि मी जन्मभर त्याच्या डावीकडे चालत, मान डोलावत राहिले असते, त्याचं सगळ्यात मोठं दुःख कोणतं ते माहीत नसताना. मी मेसेज खोडला. आणि खरं सांगितलं तर तो राहणार नाही, ही भीती घरापर्यंत माझ्याबरोबर आली.

शनिवारी मी नऊलाच सलूनमध्ये गेले. आज लाटा नकोत, कान दिसू देत, असं योशिको-सानला सांगितलं. तिने आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि कंगवा बदलला. लाटांच्याही आधीच्या काळातली एक रचना तिने काढली. सगळे केस मागे ओढून, पीळ देऊन वर घ्यायचे आणि एका लाकडी फणीने अडकवायचे. बस्स. माझ्या मानेला इतकी हवा कधी लागली नव्हती. काम झाल्यावर तिने विचारलं, आता तुझ्या केसांवरून काय कळतं, माहीत आहे? मी नाही म्हणाले. तिने माझ्या उजव्या कानावरच्या मशीनला बोटाने हलकेच स्पर्श केला आणि ती रेडिओ बंद करायला गेली.

मल्हार बरोबर अकराला आला. हातात हत्यारांची पेटी. माझी पाठ होती, पण आरशात सगळं दिसत होतं. त्याची नजर माझ्या मानेवर आली, मग कानावर. ती तिथे थांबली, आणि लोक हटवतात तशी त्याने ती हटवली.

"अभिनंदन सांगायचं राहिलं होतं," तो म्हणाला.

"आधी माझं ऐक. मग काय सांगायचं ते सांग." मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. माझा आवाज किती मोठा येतोय याचा मला अंदाज नव्हता. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासून. उजव्याला हे मशीन आहे. नदीवर तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नव्हतं."

"पण तू गेनाऊ म्हणालीस..."

"मी सगळ्यालाच म्हणते. ऐकू आलं नाही की म्हणते. पहिल्या दिवशी डोकं भाजत होतं तेव्हाही म्हणाले होते."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. मग ते हळूहळू मावळत गेलं. तो आठवत होता. एकेक शनिवार मागे जात होता, आणि कुठे जाऊन थांबणार आहे ते मला ठाऊक होतं.

"रोडेलहाइमला?" त्याने विचारलं.

"मशीनची बॅटरी संपली होती," मी म्हणाले. "एक शब्दही ऐकला नाही मी."

तो शेजारच्या स्टुलावर बसला. योशिको-सान चहा करायला म्हणून आत निघून गेली.

"त्या दिवशी घरी जाऊन मी कितीतरी महिन्यांनी शांत झोपलो होतो," तो शेवटी म्हणाला. "वाटलं, कुणीतरी एक प्रश्न न विचारता सगळं ऐकून घेतलं. मी तुझ्यात गुंतलो तो त्या अर्ध्या तासात, ईप्सिता. आणि तू तर ऐकतच नव्हतीस."

तो म्हणत होता ते खरं होतं.

"तो हात..." त्याने मध्येच विचारलं. "तोही असाच?"

"नाही. तुझा हात थरथरत होता, ते मला दिसलं. तो हात मी खरंच ठेवला होता."

त्याने आपल्या हाताकडे बघितलं.

"मला ते ऐकायचंय," मी म्हणाले. "रागावला असशील तर रागव. जायचं असेल तर जा. पण सांगून जा, मल्हार. आज मला ऐकू येतंय."

तो उठला. दाराकडे चालत गेला. हत्यारांची पेटी इथेच राहिली, एवढंच मला सुचलं, आणि ती घ्यायला तरी तो परत येईल. त्याने उघडं दार ओढून घट्ट बंद केलं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज थांबला. मग त्याने वर हात नेऊन भिंतीवरचा पंखा बंद केला, स्टूल उचललं आणि माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवलं.

"माझ्या आईचं नाव लता," त्याने सुरुवात केली.

मिरजेला घराच्या पुढच्या खोलीत त्याची आई पार्लर चालवायची. तिच्याकडे असाच एक ड्रायर होता, कोल्हापुरातल्या कुणाकडून जुना घेतलेला. तो सारखा बिघडायचा. बाराव्या वर्षापासून मल्हारच तो दुरुस्त करायचा, आणि लग्नसराईत नवऱ्या मुलींच्या रांगेसमोर आई त्याला इंजिनीयर म्हणून हाक मारायची. तो जर्मनीत आल्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये तिचा फोन आला. ड्रायर बंद पडलाय रे, कधी येतोस? पुढच्या महिन्यात बघतो, तो म्हणाला. पुढच्या महिन्यात कोरोनामुळे विमानं बंद होती, दवाखाने भरले होते, आणि ती नऊ दिवसांत गेली. तिला शेवटचं त्याने मामाने धरलेल्या फोनवर पाहिलं. सात महिन्यांनी घरी पोचला तेव्हा ड्रायरवर तिने आपली जुनी साडी झाकून ठेवलेली होती.

"मी तो उघडला," मल्हार म्हणाला. "फ्यूज गेला होता. नुसता फ्यूज. फोनवर सांगितलं असतं तर शेजारच्या पोरानेही बसवून दिला असता. मी म्हणालो, बघतो."

त्याचा आवाज खाली गेला तसा मी कान पुढे केला. तो थांबला की मी थांबत होते. मान डोलावत नव्हते. मला रडू येत होतं ते मी येऊ दिलं. ज्या माणसाला मी नऊ महिने ओळखत होते तो मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला असं वाटलं, आणि त्याच्यावरचं माझं प्रेम मला तेव्हाच पहिल्यांदा माझं स्वतःचं वाटलं.

त्याचं सांगून झालं. मी त्याचा हात धरला. या वेळी का धरतेय ते मला माहीत होतं.

योशिको-सान चहा घेऊन आली आणि आम्हाला बघून तशीच परत आत गेली.

"नदीवरचं विचारू का परत?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"विचार. इकडूनच विचार."

तो माझ्या उघड्या कानाशी वाकला. "तुझं भारतात कुठे ठरलंय का?"

मी पूर्ण प्रश्न ऐकला. शेवटच्या अक्षरापर्यंत.

"नाही," मी म्हणाले. "भारतात नाही."

तो हसला, आणि मग त्याने दोन्ही तळव्यांनी डोळे पुसले. हॅनोव्हरची सही झाली होती, ते काही टळणार नव्हतं. जुलैत तो जाणारच होता. पण फ्रँकफर्टहून हॅनोव्हर अडीच तासांवर आहे, आणि शनिवार दर आठवड्याला येतो.

त्याने ड्रायरमध्ये तो सुटा भाग बसवला, चालू करून पाहिला, बंद केला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तोच बारीक पाऊस लागला होता. मशीन भिजू नये म्हणून मी केस कानावर ओढायला गेले तर हाताला केस लागलेच नाहीत. मल्हारने छत्री उघडली. सवयीने मी वळसा घालून त्याच्या डावीकडे गेले.

तो थांबला.

"कानासाठी?" त्याने विचारलं.

"कानासाठीही," मी म्हणाले.